बारा चाकी गल्लीच्या तोंडाशी

परवा सकाळी सातला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सुताची बारा चाकी अडकली, ती साडेनऊपर्यंत निघाली नाही. आम्ही सोलापुरात ७० फूट रोडच्या आत राहतो, आजूबाजूला सगळे यंत्रमाग, पहाटेपासून खडखड चालू, त्यामुळं सुताची गाडी येणं काय नवीन नाही. पण एरवी आयशर येते नाहीतर पिकअप. ही थेट गुंटूरवरून आलेली, मोबाईलवर मॅपनं जवळचा रस्ता दाखवला आणि ड्रायव्हर बिचारा त्या निळ्या रेघेमागं आत आला. त्या मॅपला चार फुटी बोळ आणि बारा चाकी यातला फरक कळत नाही, तो कारच्या हिशोबानंच रस्ता दाखवतो.

पुढची केबिन व्यवस्थित वळली की, मागं घोटाळा झाला. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवरून कधीच येत नाहीत, ती आतून कापत येतात. तशी ती कापत आली आणि गटारीवरच्या फरशीवर चढली, फरशी मधोमध मोडली आणि चाक खाली बसलं. वर केबलची वायर ताडपत्रीच्या दोरीत गुंतलेली. मागं रिक्षांची रांग, विडी कारखान्याला निघालेल्या बायका उतरून सूप-पिशवी घेऊन चालायला लागल्या. एक शाळेचा पोरगा सायकल घेऊन ट्रकच्या डाव्या अंगानं भिंतीला चिकटून पुढं सरकत होता आणि त्याच वेळी ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला गिअर टाकला. क्लिनर ओरडला म्हणून बरं. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, केबिनच्या डाव्या कोपऱ्याशी खाली काय आहे ते त्याला दिसतच नाही, हे आपल्या पोरांना कुणी सांगतच नाही ओ.

लोक ड्रायव्हरवर धावून गेले. त्याला मराठी येत नव्हतं, घामाघूम झालेला. शेजारच्या आक्का बाहेर आल्या आणि त्याच्याशी तेलुगूत बोलल्या तेव्हा कळलं की तो रात्रभर गाडी चालवून आलाय, आधी कुठं थांबावं म्हणून जागा शोधत होता, मिळाली नाही. आक्कांनी त्याला चहा दिला. माझा राग तिथंच उतरला.

मला त्या दिवसापासून एकच गोष्ट सारखी वाटतेय. आपण जड वाहनांचा प्रश्न नुसत्या नो एन्ट्रीच्या वेळा ठरवून सोडवायला बघतो आणि त्या वेळेत ट्रकनं थांबायचं कुठं हे ठरवतच नाही. मग काय होतं, गाड्या हैदराबाद रोडला, अक्कलकोट रोडला कडेनं उभ्या राहतात, तिथं ना संडास ना पाणी ना सावली, दिवसभर ड्रायव्हरला झोप नाही आणि वेळ सुटली की सगळ्या एकदम शहरात घुसतात. अंधारात, दमलेले ड्रायव्हर, रस्त्यावर त्याच वेळी घरी परतणारी माणसं.

आपलं सोलापूर आहेच अशा जागी. पुणे-हैदराबादचा ६५ नंबर, धुळ्याहून येऊन विजापूरला जाणारा ५२, मंगळवेढा-सांगोल्याकडून रत्नागिरीचा १६६, सगळे इथंच येऊन भेटतात. केगाव ते हत्तूर बायपास झालाय, पुण्याकडून विजापूरला जाणाऱ्याला शहरात यायचं कारण नाही, ही चांगलीच गोष्ट. पण ज्या गाडीचा माल शहरातच उतरायचाय तिला बायपासचा काय उपयोग? सूत कारखान्यात यायचंय, कांदा मार्केट यार्डात. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्या एका दिवसात हजारावर जातात तेव्हा यार्डाबाहेर काय हाल होतात ते त्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, कधीकधी गाड्या निपटेपर्यंत लिलावच बंद ठेवायची वेळ येते.

रस्त्याचं पण सांगतो, कारण आमच्याकडं रस्ता केला की वर्षात उखडतो आणि सगळे फक्त ठेकेदाराला शिव्या देतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावरून दोन वर्षं ट्रक फिरवले, त्यातून निघालं की एका आसावरचं, म्हणजे दोन्हीकडची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळा पट होतं. आपल्याकडं २०१८ साली चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. हायवे तेवढ्यासाठी बांधलेला असतो, गल्ली नसते. त्यात ओव्हरलोड असेल तर दंड २० हजार आणि वर टनाला २ हजार, पण गाडी तोलायचा वजनकाटा हायवेला, गल्लीत कोण मोजणार.

म्हणून मला वाटतं शहराच्या चारी बाजूंना गाड्यांसाठी थांबायची जागा पाहिजे, संडास-अंघोळीची सोय असलेली, आणि तिथंच माल मोठ्या गाडीतून आयशर-पिकअपमध्ये भरून आत आणायचा. आमच्या कारखानदारांना मी हे बोललो तर त्यांचं म्हणणं पण खोटं नाही, दोनदा हमाली, दोनदा वाराई म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे, वर सुताचं पोतं ओढताना फाटलं तर नुकसान कुणाचं. चादरीत तसं पण काय उरतंय. हा खर्च एकट्या कारखानदारावर टाकला तर कुणीच पाळणार नाही, तो जागेचं भाडं माफ करून का होईना वाटून घ्यावा लागेल. आणि ज्या रस्त्यांना खरंच बारा चाकी झेपते ते रस्ते ठरवून, रंगवून, हुंडेकऱ्यांच्या (ट्रान्सपोर्टवाल्यांच्या) बिल्टीवरच, म्हणजे मालाच्या पावतीवरच, छापून द्यायचे, म्हणजे परगावच्या ड्रायव्हरला मॅपवर अवलंबून राहावं लागणार नाही.

कायद्यात सोय आहे ओ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५, ठराविक रस्त्यावर ठराविक वाहनाला बंदी घालता येते, आणि महिन्याभरापुरती असेल तर राजपत्रात छापायची पण गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे एक महिना करून बघता येईल, चुकलं तर बदलता येईल.

आम्ही गल्लीनं अर्ज लिहिलाय, कोपऱ्यावर उंचीची कमान आणि अलीकडं मोठ्या चौकातच बोर्ड, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये. आत वळल्यावर बोर्ड दिसून काय फायदा, तिथून गाडी मागं घेता येत नाही. काल संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट सह्या झाल्या. आक्कांनी सही तेलुगूत केली. मोडलेल्या फरशीवर अजून आम्ही टाकलेलं दार आहे, जुन्या मागाच्या खोलीचं, रात्री कुणी त्यावरून गेलं की आवाज येतो.