उष्णता नव्हती ती

लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा पहिले चार दिवस मी सब्जा आणि उसाच्या रसावर काढले. उष्णता झाली असेल, दुसरं काय! पाचव्या दिवशी चड्डीला पूचा डाग दिसला. मेडिकलवाल्याने काही न विचारता गोळ्या दिल्या, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच.

शेवटी सरकारी दवाखान्यातलं 'सुरक्षा क्लिनिक', म्हणजे गुप्तरोगांचा विभाग, गाठलं. केसपेपरच्या खिडकीवर "काय होतंय?" असं मोठ्याने विचारलं. मागे ही रांग. मी "खाज" म्हणालो.

डॉक्टरांनी तपासून राखाडी किट दिलं. आत दोनच गोळ्या, अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. समोरच गिळायला लावल्या. झालं म्हणून उठलो, तर समुपदेशक ताईंकडे पाठवलं.

ताई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. टेबलावर लाकडी मॉडेल. मी भिंतीकडे बघत बसलो.

"दादा, निरोध वापरता?"

"वापरतो की."

"मग दाखवा बरं."

मी पाकीट दाताने फाडलं. त्या हसल्या नाहीत, दुसरं पुढे केलं. आधी तारीख बघायची, निरोध बोटाने एका बाजूला सारून कडेला फाडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग उलगडायचा. नंतर ताठरपणा असतानाच बुडाशी धरून बाहेर यायचं.

"कोरडं वाटलं तर काय लावता?"

"खोबरेल तेल."

"तेलाने रबर लगेच कमजोर होतं. पाण्याचं जेल मिळतं, ते लावा."

दोन महिन्यांपूर्वी लॉजवर निरोध का फाटला, ते मला त्या खुर्चीत कळलं. लग्नाला बारा वर्षं झालेला माणूस मी!

मग सही घेऊन एचआयव्ही आणि व्हीडीआरएलसाठी (म्हणजे सिफिलिसच्या तपासणीसाठी) रक्त घेतलं. दोन्ही निगेटिव्ह. पण नुकताच झालेला संसर्ग तपासणीत सापडत नाही, तीन महिन्यांनी परत या, म्हणाल्या.

खरं अवघड पुढेच होतं. "मिसेसना घेऊन या. बायकांना बऱ्याचदा काहीच त्रास जाणवत नाही, पण औषध दोघांनी घ्यायला हवं. नाहीतर तुमचं त्यांना आणि त्यांचं तुम्हाला, असं फिरत राहील." दोघांचं औषध झाल्यावरही सात दिवस संबंध नाही. घरी कसं सांगू म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडून वाक्यच म्हणवून घेतलं, तीनदा: "मला बाहेरून संसर्ग झालाय, तुलाही औषध घ्यावं लागेल, यात तुझी काही चूक नाही."

तिसऱ्यांदा आवाज फुटला. घरी मात्र अर्ध्यातच अडकलो. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच रिक्षा थांबवली. ताईंनी मला बाहेर बसवलं, अर्धा तास. आत काय बोलणं झालं, मी आजवर विचारलेलं नाही. बाहेर आली तेव्हा निरोधची पाकिटं तिच्या पर्समध्ये होती.

तीन महिन्यांनंतरची तपासणीही निगेटिव्ह आली. पाकिटं अजून तिच्याकडेच असतात, आणि तारीख ती बघते.