आमची वाटचाल: पंधरा ते पंचेचाळीस किलोहर्ट्झ

आमची सुरुवात स्टुडिओतल्या सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबच्या, मॉनिटरांच्या देखभालीपासून झाली. तेव्हा बिघाड कमी आणि जुळवणीच जास्त. शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरांवर चेहऱ्याचा रंग सारखा दिसला पाहिजे, हीच मुख्य मागणी. ट्यूब अर्धा तास तापू द्यायची, रंगपट्ट्या लावायच्या, फक्त निळा रंग दाखवणारे 'ब्लू ओन्ली' बटण दाबून क्रोमा (रंगाची तीव्रता) आणि फेज (रंगछटा) असे फिरवायचे की पट्टी आणि तिच्या खालचा तुकडा एकाच तेजाचा दिसेल. मग पांढऱ्याची छटा ६५०० केल्विनला आणायची: अंधाऱ्या भागासाठी बायस, उजळ भागासाठी गेन हे नियंत्रण, आणि पुन्हा बायस, कारण एक हलवले की दुसरे सरकते.

स्टुडिओ एलसीडीकडे वळले. आता मॉनिटर येतात ते जुन्या टेपा डिजिटल करणाऱ्यांकडून आणि जुने गेम खेळणाऱ्यांकडून. कामही वयाने आलेल्या बिघाडांचे झाले.

त्यात सर्वांत जास्त जीव लावावा लागतो तो मल्टिफॉर्मॅट, म्हणजे अनेक प्रकारचे व्हिडिओ सिग्नल दाखवणाऱ्या, मॉनिटरला. सोनीच्या पीव्हीएम-२०एल५ सारख्या सेटवर ४८०आय, ४८०पी, १०८०आय आणि ७२०पी, सगळे चालते. म्हणजे आडवी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ओळी आखल्या जातात ती) अनुक्रमे १५.७, ३१.५, ३३.७५ आणि ४५ किलोहर्ट्झ. एकाच योककडून (किरण वळवणाऱ्या कॉइलकडून) हे करून घ्यायचे तर प्रत्येक वेळी बी-प्लस व्होल्टेज (त्या विभागाचा मुख्य पुरवठा) आणि एस-करेक्शनचे, म्हणजे चित्र कडांना ताणू न देणारे, कपॅसिटर सर्किटने बदलावे लागतात. म्हणून १५ वर सुरेख दिसणारा सेट ४५ वर बंद पडू शकतो. अशा वेळी ट्यूबला दोष देऊ नका. आधी बी-प्लस आणि कपॅसिटर बदलणारे स्विचिंग तपासा. रुंदी आणि कडांची जुळवणीही फॉर्मॅटनुसार वेगळी साठवलेली असते, त्यामुळे एकाच फॉर्मॅटवर चाचणी करून सेट परत देणे आम्हाला मान्य नाही.

चित्र उभे आकसते किंवा वरच्या ओळी दुमडतात, तेव्हा बहुतेकदा व्हर्टिकल (चित्राची उंची सांभाळणाऱ्या) विभागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. ईएसआर मीटरने (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या) तपासून १०५ अंश सेल्सिअस सोसणारेच लावावेत. बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारा एसएमडी कपॅसिटर गळला असेल तर सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास येतो. मग नुसता भाग बदलून भागत नाही: पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, हिरवट पडलेला ट्रॅक खरवडून पाहा, तो आतून तुटलेला सापडू शकतो. फ्लायबॅकच्या (उच्च व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पायांचे ड्राय, म्हणजे तडकलेले, सोल्डर त्याच बैठकीत पुन्हा भरून घ्यावे. हात घालण्यापूर्वी अ‍ॅनोडचा (ट्यूबच्या उच्च-व्होल्टेज टोकाचा) चार्ज सेटच्या ग्राउंडला उतरवावा, आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरवावा. तो परत जमतो.

'चित्र फार उजळ' किंवा 'फार मंद' अशी तक्रार आली तर सेट उघडण्याआधी मागचा ७५ ओहमचा स्विच बघा; तो केबलच्या टोकाला रोध, म्हणजे टर्मिनेशन, लावतो. टर्मिनेशन नसेल तर १ व्होल्टचा सिग्नल जवळपास दुप्पट होतो. साखळीत टर्मिनेशन दोनदा लागले तर ०.६७ व्होल्टवर येतो. लूप-थ्रू जोडणीत (एका मॉनिटरमधून सिग्नल पुढच्याला देताना) टर्मिनेशन फक्त शेवटच्या मॉनिटरवर हवे. तसेच सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर दिसणाऱ्या बारीक आडव्या सावल्या म्हणजे पडद्यामागची उभ्या पट्ट्यांची ग्रिल स्थिर ठेवणाऱ्या तारा. तो बिघाड नाही.

थकलेल्या कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग झिजलेली) ट्यूब मात्र आम्ही दुरुस्तीला घेत नाही. जास्त करंट देऊन ती थोडे दिवस उजळते खरी, पण नंतर पूर्वीपेक्षा वाईट होते. अशा सेटचे बोर्ड सुटे भाग म्हणून जपावेत, हाच सल्ला देतो.