लाल स्क्रीन गेली, पण शॉट भलतेच आले

वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक म्हणजे बेळगावात आमच्यासारख्या एडिटिंगवाल्यांचा सीझन. प्रत्येक मंडळाला आपल्या सजीव देखाव्याचा व्हिडिओ पाहिजे असतो आणि मिरवणूक रात्रभर चालते त्यामुळं फुटेज ढीगभर. शहापूरकडच्या एका मंडळाची दोन पोरं अशीच सकाळी टिळकवाडीत माझ्याकडं हार्ड ड्राइव्ह घेऊन आली, तोंडं पार उतरलेली. एडिट त्यांनीच घरच्या पीसीवर प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं, आणि खरंच मन लावून केलेलं. त्याच संध्याकाळी गल्लीत स्क्रीन लावून दाखवायचं होतं.

“दादा, लाल गेलं की ओ सगळं, पण कायतरी वेगळंच दिसूलाय.”

क्लिपची फाइल सापडली नाही की प्रीमियर तिथं लाल स्क्रीन दाखवतो, त्याला ऑफलाइन म्हणतात. प्रोजेक्ट उघडून बघितलं तर खरंच, एकही क्लिप ऑफलाइन नाही. पण जिथं लेझीम पाहिजे तिथं रामदेव गल्लीत थांबलेला ट्रॅक्टर, महाराजांच्या एन्ट्रीला कुणाच्यातरी चपला. कट बरोबर तालावर पडतायत आणि चित्र भलतंच.

झालं असं होतं, पीसीत जागा कमी पडली म्हणून त्यांनी सगळ्या मेमरी कार्डांचे फोल्डर रिकामे करून क्लिपा या हार्ड ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये टाकल्या. कॅमेरे दोन, दोन्ही सोनीचे, कार्डं चार, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात नवीन कार्ड घातलं की नंबर परत सी०००१ पासून सुरू. म्हणजे सी००१४ नावाच्या चार वेगळ्या क्लिपा. विंडोजनं विचारलं काय करू, यांनी दोन्ही ठेव म्हटलं, झालं, एक राहिली सी००१४ आणि बाकीच्या सी००१४ (२), (३), (४). मग प्रीमियरनं फाइल सापडत नाही म्हटल्यावर लिंक मीडियाची खिडकी आली, त्यात फक्त फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन जुळवायची टिक, खाली बाकीच्या आपोआप रिलिंक करायची, म्हणजे परत जोडायची टिक. एक फाइल दाखवली, उरलेल्या त्यानं नावावरून जोडून टाकल्या. गल्लीत एकाच नावाची चार पोरं असली आणि पोस्टमनला नुसतं नावच दिलं तर तो तरी काय करणार. आणि वर प्रोजेक्ट सेव्ह पण केलेला, त्यामुळं जुने पाथ, म्हणजे कुठली क्लिप कुठल्या फोल्डरात होती ते पत्ते, त्या फाइलमधून गेले ते गेलेच.

प्रीमियर अधूनमधून आपोआप प्रोजेक्टच्या कॉप्या ठेवतो तो ऑटोसेव्हचा फोल्डर बघितला. नशीब की तो ड्राइव्हवरच होता. रिलिंक करायच्या आधीची एक कॉपी मिळाली. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेली एक्सएमएल, म्हणजे मजकुराची फाइल असते, सेव्हन झिप या सॉफ्टवेअरनं उघडली की साध्या एडिटरमध्ये वाचता येते. त्यात प्रत्येक क्लिपचा पाथ जसाच्या तसा, ई ड्राइव्ह, शिवजयंती, कार्ड ३, सी००१४. कुठली क्लिप कुठल्या कार्डातली ते कळलं.

आता हा (३) म्हणजे नक्की कुठलं कार्ड? इथं कामाला आल्या त्या बारक्या एक्सएमएल फाइली, ज्या सोनी प्रत्येक क्लिपबरोबर बनवतो आणि बरीच पोरं कचरा म्हणून डिलीट करतात. कृपा करून करू नका. त्यात कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर असतो आणि रेकॉर्डिंगची तारीख वेळ असते. एका कॅमेऱ्याचं घड्याळ पार चुकीचं लावलेलं, पण सिरीयल नंबरवरून कॅमेरे वेगळे झाले आणि त्याच कॅमेऱ्याची आधीची नंतरची कार्डं वेळेच्या क्रमावरून.

मग रिलिंक केलंच नाही. कार्ड १ ते ४ फोल्डर परत तस्सेच बनवले, फायलींना मूळ नावं दिली, कंस काढले, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला ई अक्षर दिलं आणि ऑटोसेव्हची कॉपी उघडली. काही न विचारता जवळजवळ सगळं जागेवर आलं, कारण प्रीमियर आधी जुन्या पाथवरच फाइल शोधतो. हे काम कंटाळवाणं आहे, दुपारचं जेवण राहिलं, पण टाइमलाइनवर एकेक क्लिप हातानं जोडत बसण्यापेक्षा शंभर पटीनं भरवशाचं.

तरी एक ड्रोन शॉट आणि एक पोवाडा लालच राहिला. पाथ बघितला तर त्यांच्या पीसीचा डाउनलोड्स फोल्डर, व्हॉट्सॲपवरून घेऊन तिथूनच टाइमलाइनवर ओढलेलं. एकजण गाडी काढून गेला आणि पेनड्राइव्हवर घेऊन आला.

लाल गेलं म्हणजे जमलं असं मी मानत नाही. मंडळाच्या अध्यक्षांना आधी पाठवलेली हलकी कॉपी मोबाईलवर होती, ती मागून घेतली, सगळ्यात वरच्या ट्रॅकवर टाकून अर्धी पारदर्शक केली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवली. दोन चित्रं एकावर एक बसली की बरोबर, कुठं डबल दिसलं की थांबायचं. एकाच ठिकाणी डबल दिसलं, समादेवी गल्लीतल्या झांजपथकावर, दोन क्लिपांची नावं बदलताना अदलाबदल झालेली, ती सरळ केली.

एक्सपोर्ट संध्याकाळी दिलं. ड्राइव्ह मात्र लगेच दिला नाही, पोरं घाई करत होती तरी प्रोजेक्ट मॅनेजरमधून सगळं एका जागी कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर टाकलं आणि मगच हातात दिला. पुढच्या मिरवणुकीला शूटच्या आधीच क्लिपांच्या नावापुढं कॅमेऱ्याचं अक्षर लागेल असं सेटिंग करायचं ठरलंय, कॅमेरे घेऊन या म्हटलंय.