चौथं रीळ

सिनेदिग्दर्शक मणी कौल २०११च्या जुलैत गेले. त्यानंतर पणजीत त्यांच्या ‘उसकी रोटी’ या सिनेमाचा एक खेळ ठेवला होता. केबिनमध्ये प्रोजेक्टरचा ऑपरेटर मी.

आमचं काम म्हणजे बटण दाबणं, असं लोकांना वाटतं. प्रिंट, म्हणजे सिनेमाची फिल्म, आली की ती आधी टेबलावर हातानं फिरवून तपासतात. कडेच्या भोकांवरून बोट सरकलं की फाटलेली जागा डोळ्याआधी बोटाला लागते. हा १९६९चा कृष्णधवल सिनेमा, जवळजवळ चौकोनी चौकटीचा. चित्राची चौकट ठरवणारी प्लेट प्रोजेक्टरच्या गेटात बसते; हल्लीच्या पसरट चौकटीची तशीच राहिली तर वरून डोकी कापली जातात आणि खालून हात. या सिनेमात हात गेले तर बघायचं काय? जुनी प्लेट माझ्या पेटीत असतेच. ती बसवली, लेन्स बदलली, पडद्याच्या बाजूंचे काळे पडदे आत ओढून घेतले. हे खाली कुणालाही कळत नाही.

गोष्ट मोहन राकेश यांची. पंजाबातली बालो बसड्रायव्हर नवऱ्याची रोटी घेऊन सडकेवर थांबते. तिला उशीर झालेला, तो रागावलेला. दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेल्या, पंचविशीच्या आसपासच्या कौल नावाच्या पोरानं सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांत हे थांबणंच दाखवलं.

पहिल्याच रिळाला खालून आरोळी आली, “फोकस!” मी पडद्यावरचे प्रिंटचे दाणे बघितले, स्वच्छ होते. लांबची लेन्स लावली की मागचं सगळं पुसट होतं, आणि ते त्यांनी मुद्दाम केलेलं. ओरडणारे बहुधा पासवाले. तिकीट काढून आलेला माणूस निमूट बसतो. मग माझा मदतनीस पोरगा घाबरला, “भाई, आवाज गेलो?” गेला नव्हता. पात्रं बोलतच नव्हती. केबिनच्या स्पीकरवर ट्रॅकची खरखर ऐकू येत होती.

तिसरं रीळ चालू असताना आयोजकांपैकी एकजण धापा टाकत वर आला. “अर्धी माणसं उठून गेली. पुढच्या खेळाला पाहुणे यायचेत. चौथं सोडा, सरळ पाचवं लावा. कुणाला कळतंय?”

मी नाही म्हटलं. रीळ संपत आल्याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात येणारा पहिला ठिपका आला, दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू केली. दुसऱ्या ठिपक्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र या प्रोजेक्टरवरून त्या प्रोजेक्टरवर. चौथं रीळ लागलं. तो पाय आपटत खाली गेला. पाहुणे आले ते अर्धा तास उशिराच.

पण त्याचं म्हणणं खरं होतं, ते मला सुटत नाही. कुणालाच कळलं नसतं. मारधाडीच्या सिनेमात एक रीळ, म्हणजे वीस मिनिटं, गाळा, लोक खुर्च्या फोडतील. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात एक प्रवेश कापला तर दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं मंडळींना जाब विचारतात, आणि ती पहाटेपर्यंत बसलेली असतात. म्हणजे दम नाही असंही नाही. इथं मात्र घडलेलं आणि बालोच्या मनातलं एकमेकांत मिसळलेलं, मागचं पुढे आलेलं. कौल नंतर रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकले. आलापातली वीस मिनिटं काढली तर श्रोत्यांतले कितीजण हात वर करतील?

तो गृहस्थ अजून बाजारात भेटला की विचारतो, “काय, तुमचं चौथं रीळ?” त्याला उत्तर द्यायचं तर त्या रिळात नेमकं काय होतं हे सांगायला हवं. मी ते लावलं, पूर्ण बघितलं, आणि मला सांगता येत नाही.