एक गाडी आधी

मी जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे हिशेब तपासते. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा. आठवड्यातले चार दिवस एसटीत जातात, कधीमधी रेल्वेत. गळ्यात बारीक क्रॉस असतो, त्यामुळे मी कोण ते वेगळं सांगावं लागत नाही. मग प्रश्न येतो. मंगळवेढ्याच्या एका संस्थेत चहा घेताना तिथल्या क्लार्कने तो चाचरत विचारला, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही एवढं फिरता, तर गाडीत लोकांना तुमच्या धर्माचं काही सांगता का?" चर्चमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. रविवारी उपासना संपली की एखादी मावशी हात धरून विचारते, "प्रवासात साक्ष देतेस का गं?" मी सांगत असेन अशी एकाला शंका, मी सांगत नसेन अशी दुसरीला काळजी.

दोघांना मी एकच उत्तर देते. मी एक गाडी आधी निघते. सातच्या गाडीने वेळेत पोचत असेन, तर साडेसहाची धरते. माझा ख्रिस्ती धर्म प्रवासात कुठे दिसत असेल, तर त्या अर्ध्या तासात.

हे नीट सांगायचं तर आजीपासून सांगायला हवं. आजी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत बसायची आणि कुटता कुटता आम्हाला बायबलमधल्या गोष्टी सांगायची. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तिची सगळ्यात आवडती. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट, पंचवीस-तीस किलोमीटरची, आणि तेवढ्यात हजार मीटरहून जास्त उतार. आजी म्हणायची, "तुळजापूरचा घाट बघितलास ना, त्याच्याहून कितीतरी अवघड." त्या वाटेवर चोरांनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला एक माणूस पडलेला असतो. एक याजक, म्हणजे मंदिरातला पुजारी, येतो, बघतो, पलीकडच्या बाजूने निघून जातो. मग मंदिरातला सेवक, लेवी येतो, तोही तसाच जातो. मग शोमरोनी येतो, ज्यांच्याशी यहुदी लोक कसलाही संबंध ठेवत नसत त्यांच्यातला. तो थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून वाटसरूंच्या उतारशाळेत नेतो.

आम्ही मुलं त्या याजकाला आणि लेव्याला शिव्या द्यायचो. आजी मुसळ थांबवून म्हणायची, "वाईट नव्हती गं ती माणसं. कामाला निघाली होती."

त्या वाक्याचा अर्थ मला कुर्डुवाडीला कळला. अकरा वर्षं झाली. करमाळ्याचं काम उरकून मी सोलापूरकडे परतत होते. कुर्डुवाडी जंक्शन आहे. एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून सुटायची. आता मोठी लाइन झाली, पण लातूरकडे आणि मिरजेकडे जाणारे लोक अजून इथेच गाडी बदलतात. थंडीचे दिवस, अंधार पडलेला. एक म्हातारं जोडपं माझ्यापाशी आलं. त्यांना लातूरकडची गाडी हवी होती आणि ते भलत्याच फलाटावर उभे होते. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. बाईच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि पाय दुखत असावेत, कारण ती बोलतानासुद्धा खांबाला धरून होती. तेवढ्यात माझी गाडी फलाटाला लागली. मी हात लांब करून म्हटलं, "त्या पुलावरून पलीकडं जावा," आणि पळत जाऊन डबा गाठला.

खिडकीतून पाहिलं तर बाई पुलाच्या पहिल्याच पायरीवर बसली होती. म्हातारा मी दाखवलं होतं तिकडे बघत उभा होता, चालत नव्हता. गाडी हलली.

घरी कुणी आजारी नव्हतं. माझं काही अडलेलं नव्हतं. घरी जायची घाई होती, कारण एवढंच. ती दोघं पुढे गेली की त्यांनी तिथेच रात्र काढली, हे मला कधी कळलं नाही आणि कळणारही नाही. मोहोळ मागे पडेपर्यंत मी आजीचं वाक्य मनात घोळवत होते. याजक दुष्ट असता तर मी त्याच्यापासून लांब राहिले असते. तो कामाला निघालेला माणूस होता, म्हणून तो माझ्या इतका जवळचा निघाला. प्रवासात प्रत्येकाकडे न थांबण्याचं सबळ कारण असतं. आपण कुठेतरी पोचायला निघालेलो असतो, आणि त्याबद्दल कुणी आपल्याला नाव ठेवत नाही. माझ्या मनात दया नव्हती असं मला वाटत नाही. माझ्याकडे वेळ नव्हता. म्हणून मी वेळ आधीच बाजूला काढून ठेवायला लागले.

वेळेसारखेच पैसे. शोमरोनी दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि म्हणतो, याहून जास्त लागलं तर परत येताना फेडीन. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई त्याने अनोळखी माणसासाठी ठेवली. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मी ठरवलं की वाचलेलं अर्धं तिकीट माझं नाही. पर्सला आतून चेनचा कप्पा आहे, त्यात ते पैसे पडतात. त्यातून कधी सिव्हिलला निघालेल्या बाईची रिक्षा होते, कधी मे महिन्यात उन्हाने गळालेल्या पोरासाठी ओआरएसची पुडी आणि पाण्याची बाटली. कधी महिनाभर काहीच लागत नाही, तेव्हा ते साठू देते. मी ते दानपेटीत टाकत नाही. ते रस्त्याचे आहेत.

साक्षीबद्दल विचारणाऱ्या मावशीला मी रेव्हरंड टिळकांची आठवण करून देते. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. तो त्यांच्याशी सौजन्याने वागला, संस्कृत काव्यावर त्यांच्याशी बोलत राहिला, आणि शेवटी त्याने त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुढे १८९५ साली टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि आज ज्यांच्या ओव्या-अभंगांवाचून आमची मराठी उपासना पुरी होत नाही ते कवी आम्हाला मिळाले. मावशी लगेच म्हणते, "बघ, पुस्तक दिलंच ना त्यानं." दिलं. पण त्याआधी त्याने समोरच्या माणसाला काय आवडतं ते ऐकून घेतलं. मला कुणी माझ्या विश्वासाबद्दल विचारलं तर मी मोकळेपणाने सांगते, लपवत नाही. फक्त गाठोडं उचलून दिल्याच्या बदल्यात माझं ऐकून घ्यायला कुणाला लावत नाही. ज्याचे हात भरलेले आहेत आणि पाय दुखताहेत, त्याला नको म्हणता येत नाही. त्याच्या अडचणीचा तसा उपयोग करणं मला पाप वाटतं, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

सोलापूरच्या स्टँडवर मदत म्हणजे बऱ्याचदा फक्त भाषा असते. विजयपूर, कलबुर्गीकडून आलेली माणसं कन्नड बोलतात, पूर्व भागातल्या विणकर घरांमधल्या म्हाताऱ्या तेलुगू, आणि पाट्या मराठीत. मला दोन्ही भाषा मोडक्यातोडक्याच येतात. "यल्लिगे होगबेकु?" "एक्कडिकि पोवाले?" कुठे जायचंय, एवढं विचारता आलं तरी समोरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रात्रभर रीघ लागते, तेव्हा रस्त्याकडेला पाणी द्यायला मीही उभी राहते. "तुमच्यात चालतं का?" असं एकदा एका पोराने विचारलं. मी त्याचा ग्लास पुन्हा भरला आणि सांगितलं की आमच्यात तहानलेल्याला पाणी द्यायला सांगितलंय, तो कुठे निघालाय हे विचारायला सांगितलेलं नाही.

आणि एक. दरवेळी थांबणारी मीच असते असं नाही. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटहून येताना उन्हाने मला गाडीत चक्कर आली. शेजारी एक विडी कामगार बाई होती, मांडीवर विड्यांची टोपली. तिने टोपली खाली ठेवली, माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. माझ्याबरोबर उतरली, दवाखान्यात नेलं, सलाईन लागेपर्यंत बसून राहिली. विड्या त्या दिवशी कारखान्यात वेळेवर पोचल्या नसणार, आणि तिची मजुरी विड्यांवर. मी पैसे पुढे केले तर तिने माझी मूठ मिटली. माझा शेजारी कोण, असं येशूला एका शास्त्र्याने विचारलं होतं. गोष्ट सांगून झाल्यावर येशूने प्रश्नच फिरवला: त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? लहानपणापासून ती गोष्ट मी शोमरोन्याच्या जागी उभी राहून ऐकत आले होते. त्या दवाखान्यात मी ती पहिल्यांदा पडून ऐकली. तिने कुठलं दैवत मानलं असेल ते मी विचारलं नाही. माझी शेजारीण ती होती.

गेल्या गुरुवारी सहा वाजून वीस मिनिटांनी मी स्टँडवर होते. एक आजी एकटीच पंढरपूरला निघाली होती. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत पैसे पडत नाहीत, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि तिचं आधार कार्ड सापडेना. आम्ही बाकावर गाठोडं सोडलं. लुगडं, भाकरीचं फडकं, चटणीची पुडी, बुक्क्याची डबी, औषधाच्या गोळ्या. ती एकेक वस्तू माझ्या हातात देत होती आणि मी बाजूला रचत होते. माझी साडेसहाची गाडी लागली, भरली, निघून गेली. कार्ड शेवटी भाकरीच्या फडक्याच्या घडीत सापडलं, तेलाचा डाग पडलेलं. आजीने ते कपाळाला लावलं, कनवटीला खोचलं, आणि मग तिचं लक्ष रिकाम्या फलाटाकडे गेलं.

"तुझी गाडी गेली की गं बाई."

"नाही आजी," मी म्हटलं. "माझी सातची आहे."