कितीला घेतलं?

दुपारची ठाणे स्लो. गर्दी नव्हती, म्हणजे दोन्ही पाय टेकून उभं राहता येत होतं. शेजारच्या गृहस्थांनी वरची कडी धरलेली आणि त्यांचं मनगट बरोबर माझ्या नाकासमोर. मनगटावर रोलेक्स. हिरवी डायल, तारखेवर तो भिंगाचा फुगवटा, जाडजूड स्टीलचा पट्टा.

मला एक खोड आहे. कुणाच्या हातात भारी घड्याळ दिसलं की मी आधी सेकंदकाटा बघतो. रोलेक्सचा काटा सेकंदाला आठ बारीक ठोके घेतो, त्यामुळे तो अलगद सरकल्यासारखा वाटतो. बॅटरीच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळाचा काटा सेकंदाला एक उडी मारतो आणि थांबतो. यांचा उड्या मारत होता.

माझी नजर त्यांनी पकडली. "डुप्लिकेट आहे हो, बघा खुशाल. अडीच हजार सांगत होता मुसाफिरखान्यात. मी दीडला आणलं."

लपवाछपवी नाहीच, उलट आवाजात विजय. जे हजार रुपये त्यांनी दिलेच नाहीत, तेच ते मनगटावर मिरवत होते.

याच्या उलट माझ्या ओळखीचे एक सीए. त्यांच्याकडे अस्सल आहे. कितीला घेतलं विचारलं की ते पंख्याकडे बघतात. बायकोला एक आकडा सांगितलाय, थोरल्या भावाला दुसरा, आणि खरा आकडा फक्त बिलाला माहीत. बरं, ते घेतानाही काय थाट! पैसे टाकले आणि घेऊन आलो असं नाही. पूर्वी चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, तसं शोरूमवाल्याच्या मर्जीत राहून थांबायचं. एकदा हौसेनं ते घड्याळ घालून लोकलनं निघाले, तर समोरच्या पोरानं डुप्लिकेट समजून विचारलं, "काका, मनीष मार्केट का?" त्यांनी हो म्हणून टाकलं. लाखोंचं घड्याळ सेकंड क्लासच्या डब्यात शिरलं की त्याची किंमत डब्याप्रमाणेच ठरते. आणि दीड हजाराचं एखाद्या बिल्डरच्या हातात दिसलं, तर सेकंदकाटा तपासायला कोण जातोय? माझ्यासारखे रिकामटेकडे सोडून. आता माझीही विद्या बाद होत चालली आहे. चांगल्या फर्स्ट कॉपीत हाताच्या हालचालीनं चावी बसणारं ऑटोमॅटिक मशीन असतं, काटा तसाच सरकतो.

वेळेसाठी हे कुणीच घेत नाही, हे उघड आहे. १९६९ च्या नाताळात सेइको कंपनीनं जपानात सेलवर चालणारं क्वार्ट्‌झ घड्याळ विकायला काढलं तेव्हाच तो प्रश्न मिटला. रोलेक्स दिवसाला दोन सेकंद इकडे-तिकडे चालेल म्हणते, आणि फुटपाथवरचं सेलवालं महिन्याला पंधरा-वीस सेकंदांत भागवतं. वेळ बघायला तर सगळेच मोबाइल काढतात. ते सीएसुद्धा.

लहानपणी आम्हीही काही वेळेसाठी घड्याळ घालत नव्हतो. मनगटावर दात रोवायचे, गोल वळ उमटला की त्याच्या आत बॉलपेननं काटे काढायचे. वळ जाईपर्यंत घड्याळ चालू. जत्रेत एक माणूस उंच काठीला गुलाबी चिकट मिठाई गुंडाळून यायचा. चार आणे दिले की मिठाईची तार ओढून, पीळ घालून मनगटावर घड्याळ बांधून द्यायचा, अगदी पट्ट्यासकट. धाकट्या बहिणीनं एकदा ते दोन दिवस खाल्लं नाही. मग मुंग्यांनी खाल्लं. ती मनगटाकडे बघत इतकी रडली, की आजोबांनी आपलं एचएमटी काढून तिच्या दंडाला बांधलं. ते दंडातही सैल होत होतं.

एचएमटी म्हणजे सरकारचं घड्याळ. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला सुरू झालं. आजोबांचं 'जनता' होतं. साधी पांढरी डायल, रोज सकाळी चावी द्यायची. पण जनतेला 'जनता' नको होतं, 'कांचन' हवं होतं. सोनेरी, ऑटोमॅटिक. मिळायची मारामार, काळ्या बाजारात जादा पैसे मोजून घ्यावं लागायचं. त्याला लग्नातलं घड्याळच म्हणायचे लोक.

आमच्या काकाचं लग्न तासगावकडं झालं. सीमांत पूजनाला मुलीकडच्यांनी ताटात घड्याळ ठेवलं. काकानं झाकण उघडलं, 'जनता' निघालं. त्यानं ते परत ताटात ठेवलं आणि तोंड फिरवलं. मोठी माणसं आतबाहेर करू लागली, कुणीतरी रात्रीच सांगलीला गेलं. आम्हा पोरांना याची मोठी गंमत वाटत होती, कारण जेवणं लांबली तरी तोवर आम्हाला बुंदी मिळत होती. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा काकाच्या हातात 'कांचन' होतं. फोटोत तो हात मुद्दाम पुढं आलेला दिसतो.

एचएमटीची घड्याळ कंपनी २०१६ मध्ये बंद झाली आणि लगेच लोकांना त्या घड्याळांचं प्रेम आलं. जुन्या मशीनवर नव्यानं रंगवलेल्या डायली चढवून 'व्हिंटेज' म्हणून विकतात. शौकीन लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. म्हणजे 'जनता'चीसुद्धा डुप्लिकेट निघाली. माझ्या पुतण्याला हा नाद आहे. गेल्या दिवाळीत तो काकाकडं बसला होता, कपाटातलं 'कांचन' उलटंपालटं करून बघत होता. डायल मूळची, किल्ली मूळची, म्हणून एकदम खूश.

"आजोबा, तेव्हा कितीला घेतलं हो?"

काकाला आठवेना. फराळाची ताटं उचलता उचलता काकू म्हणाली, "दोन शेळ्या. माझ्या आईच्या होत्या."

पुतण्या हसला. त्याला ती थट्टा वाटली.