कालाकुंडची रिकामी बाटली

इंदूरमध्ये जन्म जाऊनही तुम्ही हेरिटेज ट्रेनमध्ये बसला नाहीत म्हणजे काय, असं वहिनीचं गेल्या पावसाळ्यात टुमणं सुरू होतं, शेवटी जुलैतल्या एका रविवारी दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, मी आणि बायको असे निघालो. आई आली नाही. तिने फक्त दारात उभं राहून 2011 ची आठवण करून दिली, पातालपानीला पाण्याचा लोंढा येऊन एक कुटुंब वाहून गेलं होतं ना, तो व्हिडिओ तिने तेव्हा पाहिला तो पाहिलाच, अजून धबधब्याचं नाव काढलं की "खाली उतरू नका रे" चालू होतं.

पातालपानी ते कालाकुंड म्हणजे जेमतेम साडेनऊ किलोमीटर, जुनी मीटरगेज लाइन, डिसेंबर 2018 मध्ये ही खास गाडी सुरू झाली. बोगदे, दरी, ढग, सगळं खरंच सुंदर आहे, पण खिडकीसाठी जी भांडणं होतात ती बघून लोकल बरी वाटते. धबधब्यापाशी गाडी थांबली तर अर्ध्या लोकांनी धबधब्याकडे पाठ करूनच तो बघितला, मोबाइलमध्ये.

कालाकुंडला उतरल्यावर मात्र कलाकंद. पळसाच्या पानाच्या दोन्यात, कोमट, दाणेदार. मी दोन दोने खाल्ले आणि वहिनीच्या दोन्यातलाही अर्धा. खाऊन झाल्यावर लोकांनी दोने तिथेच टाकले, एक गाय आली आणि चाटूनपुसून खाऊन गेली, विषय संपला.

मग आम्ही चोरल नदीकडे गेलो, आणि मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय ते तिथे झालं. हातात पाण्याची रिकामी बाटली होती. आसपास डस्टबिन नाही, बॅग बायकोकडे, ती लांब पोरांबरोबर पाण्यात पाय सोडून बसलेली. दोन दगडांच्या फटीत आधीच तीन बाटल्या खोचलेल्या दिसल्या. मी चौथी खोचली. फेकली नाही हं, नीट खोचली, जणू काही ती जागा त्यासाठीच केलेली आहे.

आता मी कोण? सलग 8 वेळा स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहराचा माणूस. घरात ओल्याचा वेगळा, सुक्याचा वेगळा डबा, सकाळी पिवळ्या गाडीचं गाणं ऐकू आलं की चहा सोडून पळणारा. पाहुण्यांना आमच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस बनतो, रोज 550 टनांचा प्लांट आहे, 2022 मध्ये सुरू झाला, हे न विचारता सांगणारा. पण खरं सांगू का, गल्लीत मी कागद टाकत नाही तो समोरच्या काकू गॅलरीत बसलेल्या असतात म्हणून, आणि दंडाची पावती फाटेल म्हणून. चोरलच्या काठी ना काकू ना पावती.

वाटेत एक पाटीपण होती, इथे रोज किती लोक कचरा करून जातात अशा रडक्या मजकुराची. ती वाचून मला लाज वाटायच्या ऐवजी एकदम हलकं वाटलं, म्हणजे सगळेच करतात तर! नंतर वाचनात आलं की अमेरिकेत ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये हे करून बघितलंय. तिथे लाकडाचे दगड झालेले तुकडे आहेत आणि लोक ते खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या लोकांनी खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. "आजवर अनेकांनी लाकूड नेलंय" अशा अर्थाची पाटी होती तेव्हा जवळपास 8 टक्के तुकडे गेले, आणि सरळ "कृपया नेऊ नका" म्हटलं तेव्हा 2 टक्क्यांहूनही कमी. वाचून बरं वाटलं, की मी एकटाच असा नाही. बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

तर परतीची शिट्टी झाली, आम्ही डब्यात बसलो, आणि प्लॅटफॉर्मवरून एक म्हातारी धावत येताना दिसली. नदीकाठी भुट्टे भाजत बसली होती तीच, तिच्याकडून आम्ही सहा भुट्टे घेतले होते. धाप लागलेली, एका हाताने लुगडं सावरलेलं, दुसऱ्या हातात माझी बाटली. खिडकीतून आत देत म्हणाली, "बेटा, तेरी बोतल रह गई थी."

बस्स, एवढंच. ना टोमणा, ना चेहऱ्यावर काही. मी "थँक्यू अम्मा" म्हणालो, हो, थँक्यू म्हणालो मी! ती हसली आणि भुट्ट्यांची टोपली उघड्यावर राहिलेली म्हणून लगेच मागे वळली. फटीत चार बाटल्या होत्या, तिने माझीच आणली. म्हणजे मला खोचताना बघितलं होतं का? की बाटली कामाची चीज आहे, शहरातला पोरगा विसरला असेल, असं खरंच वाटलं तिला? तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी आधी डस्टबिन लावा म्हणून वाद घातला असता, इंदुरी आहे, वादात मागे हटत नाही. इथे वाद कशावर घालणार.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, बाटलीत जीव अडकला होता वाटतं तुमचा, म्हातारीला पळवलंत!" सगळे हसले, मीही हसलो. खरं काय ते बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, ती हे वाचेल तेव्हा कळेल. महूपासून पुढचा रस्ता, जेवण, ट्रॅफिक, काही आठवत नाही.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. मी दोन लिटरची स्टीलची बाटली घेतलीय, भरली की खांदा दुखतो, दादा म्हणतो एकदम पर्यावरणवाला झालास की रे भिया. पर्यावरण वगैरे ठीक आहे. ती म्हातारी तिथेच बसलेली असेल याची मला धास्ती आहे, आणि तिने ओळखलं तर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.